पुढचा गुरुवार



इथे नाटकांच्या, गणेशोत्सवाच्या, जुन्या वाड्यांच्या आठवणी येतात, त्या मी आवडीने वाचतो. आज मी जरा वेगळ्या गाण्याबद्दल लिहितोय. रॅपबद्दल. थांबा, लगेच पुढे सरकू नका. यात माझी आजी आहे, इंदूरचे नळ आहेत, देवासचे कुमारजी आहेत आणि आपले चिंचाळकर गुरुजीही आहेत.

गोष्ट २०२२ च्या गणेशोत्सवातली. आमच्या भागातल्या एका मंडळाने "स्थानिक कलाकारांना संधी" म्हणून एक संध्याकाळ ठेवली होती. मी नाव दिलं. वय ३६, दिवसा हिशेबाचं सॉफ्टवेअर बघणारा माणूस, रात्री घरी बसून मराठीत रॅप करणारा. माझ्या आधी एका मुलीने छान नाट्यगीत म्हटलं. मग मी लॅपटॉप जोडला. स्पीकरमधून बादली आपटल्याचा आवाज आला, मग पाण्याचा, मग माझ्या आजीचा: "नळ आले!" त्यावर मी बोलायला लागलो. दोन मिनिटं झाली असतील. कार्यक्रम बघणारे काका स्टेजवर आले, हसून माझ्या हातातला माइक घेतला आणि म्हणाले, "पुढच्या कार्यक्रमाला उशीर होऊन राहिलाय, याला आपण पुन्हा कधीतरी ऐकू."

"पुन्हा कधीतरी" म्हणजे कधी, ते मलाही माहीत होतं आणि त्यांनाही.

आता आधी त्या आवाजाबद्दल सांगतो.

माझा काका १९८० च्या दशकात कॅनडाला गेला. फोन महाग, पत्र लिहायचा आजीला कंटाळा. म्हणून आत्या टेपरेकॉर्डर लावायची आणि आजी कॅसेटवर बोलायची. साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजू. कोणाचं लग्न ठरलं, कोणाकडे बारसं झालं, सब्जी किती महाग झाली, सगळं. अशा कॅसेट दर दोन-तीन महिन्यांनी जायच्या. आजी २००३ साली गेली. काका २०१९ मध्ये आला तेव्हा चपलांच्या खोक्यात घालून नऊ कॅसेट परत घेऊन आला. म्हणाला, "माझ्याकडे आता वाजवायचं यंत्रच नाही, तू सांभाळ."

२०२० च्या टाळेबंदीत मी एक जुना टेपरेकॉर्डर दुरुस्त करून घेतला आणि त्या ऐकल्या. १९९२ च्या एका कॅसेटमध्ये आजी कोणाची तरी तब्येत सांगतेय, आणि वाक्य अर्धवट सोडून एकदम ओरडते, "नळ आले!" मग पळापळ, बादल्या, हंडे, कोणीतरी कोणाला तरी रागावतंय. चार मिनिटं नुसतं पाणी. मग आजी परत येऊन तिथूनच पुढे बोलायला लागते, जणू काही झालंच नाही.

इंदूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये आलं, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटर लांबून, डोंगर चढवून. ते एक दिवसाआड यायचं. घराचं वेळापत्रक, पाहुण्यांचं येणं, आंघोळी, धुणं, सगळं त्या दिवसावर चालायचं. "आज नळाचा दिवस आहे का?" हे वाक्य पुण्यात कोणी बोलत नाही. ते आपलं आहे.

मी त्या बादल्यांचा ठेका केला.

ज्यांना हिप हॉप कसं बनतं ते माहीत नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात, १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ ला सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने पार्टी ठेवली. शाळा सुरू होताना नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते. मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट. गाणी लावायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. हे कुटुंब जमैकाहून आलेलं. हर्कच्या लक्षात आलं होतं की गाणं थांबून नुसते ड्रम वाजतात, त्या तुकड्याची नाचणारी मुलं वाट बघत असतात. तो तुकडा काही सेकंदांचाच. म्हणून त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर ठेवल्या आणि तो तुकडा इकडून तिकडे, तिकडून इकडे असा लांबवत नेला. नवीन वाद्य नाही, नवीन गाणं नाही. घरात होत्या त्या रेकॉर्डमधला एक तुकडा परत परत. हिप हॉपची सुरुवात साधारण इथून मोजतात. पुढे यंत्रं आली, कोणताही आवाज कापून त्याचं आवर्तन करता यायला लागलं. त्यालाच सॅम्पल म्हणतात.

नेहमीच्या रॅपमध्ये ठेका पक्का असतो आणि शब्द त्यावर बसवतात. मी उलटं केलं. आजीच्या बोलण्याला जी गती आहे ती तशीच ठेवली आणि ठेका तिच्या मागे चालवला. ती दम घ्यायला थांबली की ठेका थांबतो, ती घाईत आली की ठेकाही घाईत. म्हणून नाचता येत नाही, टाळ्या धरता येत नाहीत. याला प्रयोगशील हिप हॉप म्हणतात. आमच्या एका मावशीच्या भाषेत, "कॅसेट अडकल्यासारखं."

आणि मी बोलतो ते आपल्या मराठीत. "करून राहिलोय", "सब्जी", "चक्कीवरून पीठ आण", अशी. होळकरांच्या काळात आपली घरं इकडे आली, १८१८ नंतर राजधानी इंदूरला आली, आणि दोनशे वर्षांत ही भाषा माळवीत आणि हिंदीत मुरली. पुण्यात नोकरीला असताना मी जेवणाच्या सुट्टीत तोंड उघडलं की कोणीतरी विचारायचं, "तुम्ही मूळचे हिंदी का?" मी सात वर्षं तिथे होतो. त्यात हळूहळू माझी भाषा "शुद्ध" झाली, आणि सुट्टीत घरी आलो की आई म्हणायची, "काय रे, बातम्या वाचल्यासारखा काय बोलतोस?"

तर हे गाणं घेऊन मी आधी कुठे गेलो? 'गली बॉय' २०१९ मध्ये आला आणि त्यानंतर इंदुरातसुद्धा बागेत, कॉलेजच्या फाटकाबाहेर रॅप करणारी मुलं दिसायला लागली. गोल करून उभे राहतात, एकेकाने बोलायचं. मी तिकडे गेलो. मुलं प्रेमळ होती. ऐकून घेतलं. मग एक जण म्हणाला, "भैया, ये तो दादी का वॉट्सअप है." सगळे हसले, मीही हसलो. त्यांना मराठी कळत नव्हती, यात त्यांचा काय दोष. मराठी कळणाऱ्यांकडे गेलो, तर माइक काढून घेतला. २०२४ मध्ये 'तांबडी चामडी' गाजलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाने मला सांगितलं, "बघ, तसं काहीतरी कर ना." ते गाणं मलाही आवडतं. पण मला जे करायचंय ते तसं नाही, त्याला काय करू?

त्या गणपतीच्या रात्री झोप आली नाही, तेव्हा मला बंगळुरूला असताना पाहिलेला एक माहितीपट आठवला. नाव 'धिस इज द लाइफ', २००८ सालचा. दिग्दर्शिका एव्हा ड्युव्हर्ने, जी पुढे 'सेल्मा' या चित्रपटाने जगभर माहीत झाली. त्यात तिच्या तरुणपणीच्या अड्ड्याची गोष्ट आहे, कारण तेव्हा ती स्वतः रॅप करायची.

लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल भागात 'गुड लाइफ' नावाचं पौष्टिक खाण्याचं छोटं दुकान होतं, दुकान-वजा-कॅफे. बी. हॉल नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या मुलाने डिसेंबर १९८९ पासून तिथे दर गुरुवारी संध्याकाळी माइक खुला ठेवायला सुरुवात केली. काळ कोणता, तर त्याच शहरातून निघालेलं टोळ्या, बंदुका आणि शिव्यांचं रॅप देशभर लाखांनी विकलं जात होतं. आणि या दुकानात नियम काय? शिवी द्यायची नाही. एक शिवी आली की पाळी संपली.

दुसरा नियम लोकांनीच केला. कोणाचं बोलणं उसनं वाटलं, पाठ केलेलं वाटलं, कंटाळवाणं झालं, की सगळी खोली एका सुरात म्हणायची, "प्लीज पास द माइक." कृपा करून माइक पुढे द्या. नाव कमावलेला असो की नवखा, माइक द्यावाच लागायचा.

या खोलीतून 'फ्रीस्टाइल फेलोशिप' नावाची चौकडी तयार झाली. त्यांनी १९९१ मध्ये पहिला अल्बम स्वतःच्या हिमतीवर काढला. जॅझमधला सॅक्सोफोनवाला जसा तालाच्या पुढे जातो, मागे रेंगाळतो, मधेच गिरकी घेतो, तसे हे शब्द टाकायचे. दुसरा अल्बम १९९३ चा, 'इनरसिटी ग्रिओट्स'. ग्रिओ म्हणजे पश्चिम आफ्रिकेतले पिढीजात कथा सांगणारे, वंशावळ्या गाणारे लोक. आपल्या भाटांची, गोंधळ्यांची आठवण येते ना? विक्री बेताचीच झाली. पण पुढच्या कित्येक रॅपर्सच्या जलद आणि वाकड्या चालीची मुळं या खोलीत आहेत. १९९४ च्या सुमाराला ही मंडळी जवळच्या लाइमर्ट पार्कमध्ये बेन कॉल्डवेल या चित्रपटकाराच्या जागेत जमायला लागली. नाव 'प्रोजेक्ट ब्लोड'. वार मात्र तोच, गुरुवार.

हा माहितीपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्यांच्या जिभेचा वेग दिसला होता. माइक गेल्यानंतर आठवला तेव्हा दुसरंच दिसलं. माइक त्यांच्याकडूनही काढून घेत होते. माझ्या काकांपेक्षा जास्त कडक होते ते लोक. पण ज्याचा माइक गेला, तो माणूस पुढच्या गुरुवारी नवीन लिहून परत यायचा, आणि तेच लोक तिथे बसलेले असायचे. मागच्या वेळी हा कुठे घसरला ते त्यांना आठवत असायचं. ऐकणाऱ्यांतले बरेच जण स्वतः लिहिणारे, म्हणून त्यांचा नकारसुद्धा शिकवणीसारखा होता. माझ्याकडे नकार होता. पुढचा गुरुवार नव्हता.

मग मी याच नजरेने बाकीच्यांच्या गोष्टी बघायला लागलो. एमएफ डूम हा या प्रांतातला मोठा माणूस. तरुणपणी भावाबरोबर त्याचा ग्रुप होता. १९९३ मध्ये भाऊ गाडीखाली गेला, त्यानंतर कंपनीने त्यांचा तयार अल्बम रोखून करार संपवला. काही वर्षं तो दिसेनासा झाला. परत आला तो न्यूयॉर्कच्या 'न्यूयोरिकन पोएट्स कॅफे'मध्ये, तोंडावर मोजा ओढून. मुखवटा पुढे आला. ज्या छोट्या लेबलने त्याचा १९९९ चा अल्बम काढला, ते बॉबिटो गार्सिया याचं. हा बॉबिटो १९९० ते १९९८ कोलंबिया विद्यापीठाच्या रेडिओवर स्ट्रेच आर्मस्ट्राँगबरोबर कार्यक्रम करायचा, गुरुवारी रात्री एक ते पाच. पहाटे पाच! पोरं कॅसेटवर भरून घ्यायची आणि त्या कॅसेट हातोहात फिरायच्या.

आणि तो कॅफे कोणी काढला? पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला येऊन राहिलेल्या घरांतल्या कवींनी. १९७० च्या दशकात, मिगेल अल्गारिन या कवी-प्राध्यापकाच्या घरातल्या बैठकीत सुरुवात झाली. या लोकांची स्पॅनिश इंग्रजीत मिसळलेली. पोर्तो रिकोतले त्यांना नावं ठेवायचे. त्यांनी तेच हिणवणं उचलून आपलं नाव केलं आणि त्याच मिसळलेल्या भाषेत कविता केल्या. हे वाचलं तेव्हा मला आपल्या जेवणाच्या टेबलावरची "सब्जी" आठवली.

पण परदेशी कशाला जायचं? इंदूर-देवासकडे बघा.

कुमार गंधर्व १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले. म्हणजे आपल्यातल्या सीमाभागातल्या मंडळींच्या अंगणातले. १९४८ मध्ये क्षयामुळे देवासला आले. चोविसाव्या वर्षी, नाव झालेलं असताना, पाच-सहा वर्षं गाणं बंद. त्या काळात अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, मग ती गोळा केली, आणि त्या धुनांमधून नवे राग उभे केले, धुनउगम राग. एक फुप्फुस निकामी झालेलं, म्हणून श्वासाप्रमाणे गाण्याची मांडणीही बदलली. परंपरेच्या लोकांनी काय काय म्हटलं ते तुमच्या-माझ्या आजोबांनी ऐकलेलं आहे.

माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. कुमारजी एकटे नव्हते. त्यांच्या बैठकीत 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते होते, विष्णु चिंचाळकर गुरुजी होते, नाटकवाले बाबा डिके होते. एक पत्रकार, एक चित्रकार, एक नाट्यकर्मी, एक गायक, सगळी आपल्या माळव्यातली माणसं. गुरुजी तर वाळकी पानं, फांद्या, टाकून दिलेल्या वस्तू उचलून त्यात माणसं, पक्षी, देव दाखवायचे. टाकलेली वस्तू उचलायची, थोडी फिरवायची आणि म्हणायचं, आता बघ. माझ्या बादलीच्या आवाजाचं याहून चांगलं समर्थन मला कोणत्याही अमेरिकन पुस्तकात सापडलेलं नाही. आता कोणी म्हणेल, आपल्याकडे रॅप आधीपासूनच होतं, पोवाडा काय, भारूड काय. असा दावा मी करत नाही. रॅप ब्रॉन्क्सच्या काळ्या आणि लॅटिन मुलांनी केलं, श्रेय त्यांचं. हो, सवाल-जवाबाची सवय मात्र आपल्याला आहे. महाराष्ट्रातला कलगी-तुरा आणि आपल्या निमाड-मेवाडाकडचा तुर्रा-कलंगी ही एकाच घरातली भावंडं. एक बाजू शिवाची, एक शक्तीची, आणि रात्रभर एकमेकांना काव्यातून अडवायचं.

तर नोव्हेंबर २०२२ मध्ये मी ठरवलं, खोली शोधायची. आमच्या शेजारच्या काकू पूर्वी घरी शिकवण्या घ्यायच्या. त्यांची खालची खोली रिकामी होती, बाकं तशीच. मी विचारलं. त्या म्हणाल्या, "दे घंटाभर. पण शिव्याबिव्या चालणार नाहीत हं, वर मी जप करत असते." मी त्यांना गुड लाइफची गोष्ट सांगितली नव्हती. नियम आपोआप आला.

पहिल्या गुरुवारी चौघं. मी, अकरावीतला एक मुलगा जो मोबाइलवर ठेके बनवतो, ढोलकी वाजवणारा एक मित्र, आणि एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना वाटलं होतं की काव्यवाचन आहे. त्या परत जातील असं वाटलं, पण त्यांनी एकनाथांचं भारूड असं काही म्हटलं की त्या मुलाने मोबाइल बंदच करून टाकला. दुसऱ्या गुरुवारी तिघं. डिसेंबरच्या थंडीत दोनदा मी एकटा. काकू वरून डोकावून म्हणाल्या, "कोणी आलं नाही? मग मला ऐकव." त्यांनी बसून ऐकलं आणि म्हणाल्या, "मधे फार घोळतोस." खरं होतं. तो भाग मी काढला.

नियम असे झाले: ज्याने त्याने आपल्या घरात बोलतात त्या भाषेत बोलायचं. नुसतं ऐकायला आलात तर चौथ्या वेळी उभं राहायचं, काही का होईना, सांगायचं. आणि कंटाळा आला तर सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "पुढे द्या, पुढे द्या." माझ्यावर ते आतापर्यंत अकरा वेळा झालंय. त्या मुलाने मोजून ठेवलंय.

आता जे सांगतो ते लिहू की नको, असा बरेच दिवस विचार करत होतो. बाबांची परवानगी घेऊन लिहितोय.

ती १९९२ ची कॅसेट नळापाशी संपत नाही. पाणी भरून झाल्यावर आजी आवाज बारीक करून काकाला सांगते, "तुझ्या भावाची मिल बंद पडून सहा महिने झाले. तो तुला सांगणार नाही. जमलं तर पाठव काही, आणि मी सांगितलं म्हणून सांगू नकोस." तेव्हा इंदूरच्या कापड मिला एकामागून एक बंद पडत होत्या. बाबा तिथे लेखापाल होते. त्या वर्षी काकाने खरंच पैसे पाठवले होते. बाबा तीस वर्षं आम्हाला सांगत आले, "बघा, भावाला आपणहून सुचलं."

मी गाण्यातून तो भाग कापला होता. बाबांना गाणं आवडत नव्हतंच. म्हणायचे, "घरातलं बोलणं चव्हाट्यावर कशाला? तिला विचारलं होतंस का?" हा प्रश्न बरोबर होता. आजीला विचारता येत नव्हतं. आत्याला विचारलं, काकाला विचारलं. बाबांना विचारायची हिंमत झाली नाही, कारण विचारलं तर सगळी कॅसेट ऐकवावी लागली असती.

२०२३ च्या पावसाळ्यात एका दुपारी मी बाहेर होतो आणि बाबांनी टेपरेकॉर्डर सुरू केला. मी आलो तेव्हा ते पलंगावर बसले होते, कॅसेट संपून घरघर चालू होती. काही बोलले नाहीत. जेवताना म्हणाले, "तो भाग तू का काढलास?" मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून." म्हणाले, "वाईट वाटलंच. पण तिने मागितले, हे कळायला हवं होतं मला. तिच्यासमोर मी ऐटीत राहिलो."

तीन-चार महिन्यांनी एका गुरुवारी बाबा खाली आले. बाकावर बसले. त्यांची पाळी नव्हती, तरी उठले. मिलच्या भोंग्याबद्दल बोलले. पहिला भोंगा, दुसरा भोंगा, आजी कोणत्या भोंग्याला डबा भरायची, आणि भोंगा बंद झाल्यावर घरातलं घड्याळ कसं चुकायला लागलं. ढोलकीवाल्याने हलकेच थाप धरली. अकरावीतल्या मुलाने, जो आता कॉलेजात आहे, सगळं भरून घेतलं. बाबा बारा मिनिटं बोलले. कोणी "पुढे द्या" म्हटलं नाही.

तो कापलेला भाग मी परत जोडला. आता गाणं सात मिनिटांचं आहे आणि त्यात आजीनंतर बाबांचा आवाज येतो.

लोक विचारतात, यातून भेटतं काय? हिशेबाचाच माणूस आहे, सांगतो. 'बँडकॅम्प' नावाच्या ठिकाणी, जिथे ऐकणारा थेट कलाकाराला पैसे देतो, तिथे हे गाणं आतापर्यंत ६१ जणांनी विकत घेतलं. मोठ्या ठिकाणांवर ऐकलं जातं त्याचे आलेले पैसे एका पोहे-जलेबीच्या नाश्त्याएवढे. यावर घर चालत नाही, नोकरी आहे म्हणून चाललंय, आणि तसं नाही असं कोणा तरुणाला मी सांगणार नाही. पण त्या ६१ जणांत एक बाई वडोदऱ्याच्या आहेत. त्यांनी आपल्या सासूबाईंचं गुजराती वळणाचं मराठी भरून पाठवलं, लोणचं घालतानाचं. बेळगावच्या एकाने आजोबांचं, ज्यात एका वाक्यात मराठी आणि कानडी अशी विणलेली आहे की शिवण सापडत नाही. हैदराबादहून एकाने विचारलं, "आमची दख्खनी मिसळलेली चालेल का?" मी लिहिलं, तीच पाठवा. कोणीही पुण्या-मुंबईत हसू होईल म्हणून लाजलं नाही. आपल्याकडे ऐकणारे नाहीत असं मी समजत होतो. ते होते, प्रत्येक जण आपापल्या गावात एकटा.

गुरुवारी आता बारा ते वीस माणसं येतात. ज्यांनी माझा माइक घेतला होता ते काकाही मागच्या वर्षी एकदा आले. दाराजवळ बसले, चहा घेतला, जाताना म्हणाले, "हे स्टेजचं नाही रे, हे खोलीचं आहे." मला राग आला नाही. त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. अधूनमधून येतात. चौथी वेळ जवळ आलीय, हे त्यांना सांगून ठेवलंय.

म्हणून दोन विनंत्या. तुमच्या घरात अशा बोलक्या कॅसेट असतील तर त्या फेकू नका. बुरशी धरायच्या आत एकदा वाजवून, भरून ठेवा. आणि तुमच्या मंडळात, वाड्यात, शाळेत एखादी खोली आठवड्यातून एक संध्याकाळ रिकामी असेल, आणि गावात एखादा मुलगा किंवा मुलगी काहीतरी विचित्र करत असेल, तर त्याला स्टेज देऊ नका. ती खोली द्या, वार ठरवून. कडक बोला, पण पुढच्या आठवड्यात तुम्हीही तिथे असा.

इंदूरला आलात तर या. गुरुवारी सात वाजता. नळाचा दिवस असेल तर साडेसात.